माँटेनेग्रोला जायचंय: शेंगेन व्हिसा, प्रवासविमा आणि सोबत आई-बाबा

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघं (मी, नवरा, माझे आई-बाबा) क्रोएशियात डुब्रोव्हनिकला उतरून पुढे माँटेनेग्रोला जायचं म्हणतोय. डुब्रोव्हनिकचं खूळ नवऱ्याचं. त्याला नकाशा दाखवायला लावला तर शेजारीच कोटोरचा उपसागर दिसला, आणि आता मला डुब्रोव्हनिक नाही झालं तरी चालेल असं वाटायला लागलंय. देश केवढासा, अख्खा मिळून पुणे जिल्ह्यापेक्षा लहान. समुद्र आणि डोंगर दोन्ही एका फेरीत उरकावेत असा विचार आहे. कच्चा आराखडा: डुब्रोव्हनिक, कोटोर, बुडवा, मग वर डोंगरातलं झाब्ल्याक आणि परतीचं विमान पुन्हा डुब्रोव्हनिकहून.

बाबा एकोणसत्तरचे आहेत. काही वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. रोज सकाळी पर्वती चढतात आणि ते सगळ्यांना सांगतातही. आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

एजंट म्हणतो, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) आणि शेंगेन विमा काढला की झालं, तिकडे युरोच चालतो. खरंच इतकं सरळ आहे का? त्याने पाठवलेल्या विम्याच्या कागदावर 'शेंगेन, ५० हजार डॉलर' याशिवाय कळेल असं काही नाही. गाडी घ्यावी की बसने फिरावं, तेही सांगा. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

डोंगरवाट

युरोवर जाऊ नका. माँटेनेग्रो युरोपियन युनियनमध्ये अजून नाही आणि शेंगेनमध्येही नाही. १९९९ मध्ये त्यांनी युगोस्लाव्ह दिनाराला कंटाळून जर्मन मार्क वापरायला सुरुवात केली, आणि २००२ मध्ये मार्क गेला तसा युरो घेतला. कोणाला विचारलं नाही, कोणी दिला नाही. तेव्हा तर ते सर्बियाबरोबर एकाच देशात होते. स्वतंत्र झाले २००६ च्या जूनमध्ये. पाकिटात युरो असतो म्हणून माणसाला आपण त्याच युरोपात आहोत असं वाटत राहतं, आणि सीमेवर व्हिसा, विमा, भाड्याची गाडी, मोबाइलचं सिम या चारही गोष्टी एकदम बदलतात. तुमच्या एजंटची गल्लत इथेच आहे.

आधी व्हिसा. वैध शेंगेन, अमेरिकन किंवा ब्रिटिश व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर माँटेनेग्रोत ३० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येतं. म्हणजे जाता येईल, काळजी नको. घोळ परतीचा आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला. तुम्ही डुब्रोव्हनिकला उतरलात की एक प्रवेश खर्च झाला. कोटोरला गेलात म्हणजे शेंगेनबाहेर पडलात. विमान पकडायला पुन्हा डुब्रोव्हनिकला आलात तो दुसरा प्रवेश. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर सीमेवरूनच परत. तेव्हा अर्जात किमान दोन प्रवेश मागा, सोबतच्या पत्रात मधले माँटेनेग्रोचे दिवस स्पष्ट लिहा आणि तिथली हॉटेल बुकिंगही जोडा. हातात पासपोर्ट आला की पहिल्यांदा स्टिकरवरचा प्रवेशांचा आकडा बघा, फोटो नंतर.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे ठरवताना माँटेनेग्रोच्या रात्री मोजायच्या नाहीत. शेंगेनमधल्या ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे.

कोथिंबीरवडी

बाप रे. हे एजंटने सांगितलंच नव्हतं. धन्यवाद! मग असंच असेल तर विमाही तिकडे चालणार नाही की काय?

फाइलबंद

कोथिंबीरवडीताई, बरोबर ओळखलंत. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होतो, आता निवृत्त. कोणत्या कंपनीचा घ्या ते सांगणार नाही, कागद कसा वाचायचा तेवढं सांगतो.

दूतावासाला जे हवं ते थोडं आहे: किमान ३० हजार युरोंचं संरक्षण, त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि वेळ आलीच तर मायदेशी आणण्याचा खर्च, शिवाय सगळ्या शेंगेन देशांत आणि तिथल्या पूर्ण मुक्कामात वैध. ५० हजार डॉलर म्हणजे ही अट सहज पुरी होते. पण तुम्ही कोटोरला पाय घसरून पडलात तर काय, हा दूतावासाचा प्रश्न नाही. 'शेंगेन' नावाच्या योजना पुष्कळदा शेंगेन देशांपुरत्याच असतात. पॉलिसीत 'भौगोलिक व्याप्ती' असं एक कलम असतं, ते पहिलं शोधा. तिथे नुसतं शेंगेन असेल तर ती पॉलिसी बाजूला ठेवा आणि 'जगभर, अमेरिका-कॅनडा वगळून' ही मागा. व्हिसालाही तीच चालते. नाव 'युरोप' असेल तर कंपनीला ईमेल टाकून माँटेनेग्रो यात येतो का ते लेखी घ्या. एजंटचं फोनवरचं 'हो हो येतो' दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

आता बाबा. स्टेंट कितीही जुना असो, विम्याच्या भाषेत तो पूर्वीपासूनचा आजारच. बीपीही. पुष्कळ पॉलिसी असे आजार सरळ वगळतात; काही फक्त जीवावर बेतलं तरच, आणि तेही प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च एका मर्यादेत देतात. छातीत दुखलं म्हणून नेलं आणि स्टेंटचाच प्रश्न निघाला, तर मूळ ५० हजारांचा आकडा नाही, ही आतली मर्यादा लागू होते. तो आकडा विचारा आणि तो मोठा असलेली योजना घ्या, मग हप्ता थोडा वाढला तरी वाढू दे. प्रस्ताव अर्जात स्टेंट, बीपी, गोळ्यांची नावं सगळं लिहा. हप्ता वाढेल म्हणून लोक लपवतात आणि मग दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

ज्येष्ठांच्या योजनांमध्ये आणखी एक मेख असते. वरची रक्कम मोठी, पण आत खोलीभाडं इतकं, अतिदक्षता इतकं, शस्त्रक्रिया इतकी, अशा उपमर्यादा. कमी रकमेची पण उपमर्यादा नसलेली पॉलिसी कित्येकदा जास्त पैसे देते. चौघांची एकच कौटुंबिक पॉलिसी स्वस्त दिसते, तरी आई-बाबांची वेगळी काढून बघा.

मुलांनी, म्हणजे तुम्ही दोघांनी, साहसी खेळांचं कलम वाचा. तारा नदीत राफ्टिंग किंवा तिथल्या पुलाजवळची झिपलाइन करायची असेल तर साध्या पॉलिसीत ते बहुधा वगळलेलं असतं, जास्तीचं कलम विकत घ्यावं लागतं. दारू पिऊन झालेला अपघात कुठेच चालत नाही. पॉलिसी भारत सोडायच्या आधी घ्यायची, विमानतळावर बसून का होईना. सीमेपार गेल्यावर काढणारे फार थोडे.

रमतगमत

एवढं घाबरवू नका हो लोकांना. आम्ही कायम सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतो, व्हिसापुरती. कधी काही झालेलं नाही. ते पैसे खाण्यापिण्यावर घालवा.

फाइलबंद

ज्यांना कधी काही झालं नाही त्यांच्या फाइली माझ्या टेबलावर येत नसत.

इसारकाठ

फाइलबंद काका, +१. मी म्युनिकला असतो. आम्ही गाडीने खाली उतरत माँटेनेग्रोपर्यंत गेलो होतो, भारतातून आलेली मावशी सोबत होती. (युरोपात राहणाऱ्यांसाठी: इथलं निवासपत्र असेल तर व्हिसाचा प्रश्न नाही, पण आपल्या युरोपियन आरोग्य कार्डावर माँटेनेग्रोत विसंबून राहू नका. वेगळा प्रवासविमा घ्या.)

कोटोरच्या किल्ल्यावरून उतरताना मावशीचा पाय निसटला आणि मनगट मोडलं. रुग्णालयात क्ष-किरण, प्लास्टर सगळं नीट झालं, डॉक्टर तरुण होता आणि इंग्रजी बोलत होता. पैसे मात्र आम्ही तिथेच भरले. तिच्या भारतातल्या पॉलिसीवर मदतीचा फोन नंबर होता, त्यावर गाडीत बसल्याबसल्या फोन करून दावा नोंदवला, तो पुढे फार उपयोगी पडला. कंपनीने नंतर मागितलं ते असं: डॉक्टरची शिक्क्याची चिठ्ठी, पैसे भरल्याची मूळ पावती, पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के आणि चिठ्ठी स्थानिक भाषेत असल्यामुळे तिचा अनुवाद. अनुवादासाठी महिनाभर ईमेल चालले. डॉक्टरला तिथल्या तिथे दोन ओळी इंग्रजीत लिहून द्या म्हटलं तर देतात. पैसे आले, सुरुवातीची काही रक्कम कापून. ती वजावट किती हेही आधी बघून ठेवा, छोट्या बिलात तीच सगळं खाऊन टाकते.

कोथिंबीरवडी, पर्वतीच्या पायऱ्या १०३. कोटोरच्या किल्ल्याच्या साधारण १३५०, झिजलेल्या, मधे मधे सुटे दगड आणि उतरताना कठडा कुठे आहे, कुठे नाही. बाबांना मध्यावरच्या चर्चपर्यंत न्या. तिथूनही लाल कौलं आणि उपसागर दिसतो. ते वर जायचा हट्ट करतील, तयारी ठेवा!

कोथिंबीरवडी

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "१३५० म्हणजे तेरा पर्वती. सकाळी लवकर निघालं की होईल." विमा वाढवून घेतेय.

डोंगरवाट

हाहा. बाबांना दुसरं आमिष दाखवा. २०२३ मध्ये कोटोरजवळ डुब गावातून केबल कार सुरू झाली आहे, अकरा मिनिटांत लोव्हचेनच्या डोंगरावर. पायऱ्याच हव्या असतील तर लोव्हचेनच्याच शिखरावर न्येगोशची समाधी आहे. न्येगोश म्हणजे त्यांचा कवी, बिशप आणि राज्यकर्ता एकाच माणसात. तिथे ४६१ पायऱ्या आहेत, पण बऱ्याचशा बोगद्यातून आणि व्यवस्थित बांधलेल्या. तिथून खाली त्सेतिन्येला उतरा. ही जुनी राजधानी, बाजारपेठेएवढं गाव आणि त्यात जुन्या परदेशी वकिलातींच्या इमारती.

कोटोरहून लोव्हचेनला गाडीने जायचं तर २५ तीव्र वळणांचा जुना रस्ता आहे. वरंधा घाट आवडणाऱ्यांनी जावं. आईला गाडी लागत असेल तर केबल कारच.

आणि पेरास्ट चुकवू नका. समोर पाण्यात दोन बेटं आहेत, त्यातलं चर्चवालं बेट माणसांनी बनवलेलं आहे. जुन्या बोटी बुडवून आणि वर्षानुवर्षं दगड टाकून. अजूनही दर २२ जुलैला गावकरी होड्यांतून दगड नेऊन टाकतात.

रुळावरची_गाय

कुणीच रेल्वेचं लिहिलं नाही म्हणून. राजधानी पोडगोरित्साहून डोंगरातल्या कोलाशिनला जाणारी गाडी पकडा, तिकीट किरकोळ आहे. ही सर्बियातल्या बेलग्रेडपासून किनाऱ्यावरच्या बार गावापर्यंतची लाइन, ४७६ किमी, १९७६ ला पूर्ण झाली, अडीचशेवर बोगदे. पोडगोरित्सा सोडल्यावर थोड्या वेळात माला रिएका नावाचा पूल लागतो, खालच्या दरीपासून १९८ मीटर उंच. आपला कोकण रेल्वेचा पानवलचा पूल ६४ मीटर! चीनने २००१ मध्ये आणखी उंच बांधेपर्यंत हा रेल्वे पुलांत जगात पहिला होता. डब्यात एसीची अपेक्षा ठेवू नका; खिडकी उघडते, तेच बरं.

साबुदाणा_पुरे

आईंच्या जेवणाचं. किनाऱ्यावर पिझ्झा, पास्ता, भाजलेल्या भाज्या, काकडी-टोमॅटोवर चीज किसलेलं सॅलड हे सगळीकडे. खरी मजा डोंगरात आहे. काचामाक म्हणजे मक्याच्या पिठाचं, बटाटा घालून घोटलेलं, वर साईसारखं काय्माक. सोबत दह्याचा ग्लास. माझ्या सासूबाई दोन दिवस तेच खात होत्या. सकाळी प्रिगानित्से म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, मधाबरोबर. यात अंडं कधी असतं, कधी नसतं, विचारा. बेकरीत चीजचं किंवा पालकाचं बुरेक (पातळ पोळीच्या थरांत सारण भरून भाजलेलं) घ्या, मांसाचंही शेजारीच अगदी तसंच दिसतं.

हॉटेलात 'पोस्नो' काय आहे विचारा. तिकडच्या ऑर्थोडॉक्स उपासाचं जेवण, मांस, दूध, अंडं नसलेलं. मासे मात्र त्यात चालतात, तेव्हा मासेही नको हे वेगळं सांगावं लागतं. सूप कोणतंही असो, विचारल्याशिवाय नको. नळाचं पाणी पितात सगळे.

आंबोलीकर

सप्टेंबर अखेर चांगली वेळ. पण पुढे कोणी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा बेत करत असेल तर: कोटोरच्याच उपसागराच्या डोक्यावर त्स्र्क्विसे नावाचं गाव आहे, युरोपात सगळ्यात जास्त पाऊस पडतो असं त्याला म्हणतात. वर्षाला साधारण ४६०० ते ५००० मिलिमीटर. आमच्याकडे यापेक्षा बराच जास्त पडतो म्हणा. पण तिकडचा उन्हाळ्यात जवळजवळ नसतो आणि शरद ते हिवाळा ओततो. जुलै-ऑगस्ट कोरडे, पण क्रूझ जहाजांमुळे कोटोरला पाय ठेवायला जागा नसते आणि सीमेवर तासन्‌तास रांग.

रमतगमत

गाडी घ्याच. बसने झाब्ल्याक म्हणजे शिक्षा. चौघं असाल तर खर्चही जवळपास तेवढाच. तिकडे किनाऱ्यावर बसस्थानकात शिरायची वेगळी फी, डिकीत सामान टाकायचे वेगळे पैसे.

फक्त डुब्रोव्हनिकला घेऊन कोटोरला नेऊ नका. सीमा ओलांडायला भाडे कंपनीची लेखी परवानगी लागते, त्याचे जादा पैसे लावतात. गाडी माँटेनेग्रोतच घ्या, तिथेच सोडा. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ परवानाही जवळ ठेवा. दिवसाढवळ्याही हेडलाइट चालू ठेवायचे, कायदा आहे. हेर्सेग नोव्हीकडून बुडवाला जाताना कामेनारी ते लेपेताने फेरीबोट घ्या, अख्ख्या उपसागराला वळसा वाचतो. कोटोर-पेरास्ट बघायला जाताना मात्र वळसाच घ्या, रस्ता तोच सुंदर आहे.

फाइलबंद

रमतगमत यांच्याशी इथे पूर्ण सहमत (नोंद घ्यावी). एक जोड: आपल्या प्रवासविम्यात भाड्याच्या गाडीचं नुकसान सहसा येत नाही. काउंटरवर मिळणाऱ्या संरक्षणात काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग आहे का ते विचारा. घाटात जाणाऱ्यांना हेच तीन लागतात. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ.

इसारकाठ

माझ्या डोक्यात आलं ते सांगतो. फेरी उलटी का करत नाही? मुंबईहून इस्तंबूलमार्गे थेट पोडगोरित्सा. इस्तंबूलला विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर तुर्की व्हिसा लागत नाही. शेंगेन व्हिसा तेव्हा कोरा आणि वैध, त्यावर माँटेनेग्रोत प्रवेश. तिथे गाडी घ्या, झाब्ल्याक, मग खाली किनारा. गाडी सोडून बसने डुब्रोव्हनिक, आणि तिथून इस्तंबूलमार्गे घरी. शेंगेनमध्ये एकदाच शिरलात, एक प्रवेशाचा व्हिसा मिळाला तरी अडत नाही. बाबांचे डोंगरही सुरुवातीला, ताजेतवाने असताना होतात.

शेवटच्या दिवशी सीमा ओलांडून विमान पकडायची धावाधावही वाचते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला लागले आहेत, त्यामुळे रांग किती लागेल याचा भरवसा नाही.

डोंगरवाट

हे झकास. विमान कंपनीच्या मुंबईतल्या काउंटरवर "माँटेनेग्रोचा व्हिसा कुठे?" असं विचारलं जाऊ शकतं. त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचं नियमाचं पान छापून जवळ ठेवा, आणि तिकीट काढण्याआधी तोच नियम अजून तसाच आहे ना ते पाहून घ्या.

झाब्ल्याक १४५६ मीटरवर आहे, सप्टेंबर अखेरीला रात्री हीटर लागतो. आई-बाबांसाठी तिथलं काळं तळं; भोवतीने सोपी पायवाट आहे. दुर्जेविचा तारा पुलावर थांबा, १७२ मीटर खाली नदी. पूल १९४० ला पूर्ण झाला आणि दोनच वर्षांनी इटालियन सैन्याला अडवायला त्याच्याच एका अभियंत्याने, लाझार याउकोविचने, त्याची कमान उडवून दिली. इटालियनांनी त्याला पकडून पुलावरच गोळ्या घातल्या.

कोथिंबीरवडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उलटी फेरी पक्की! एजंटला विचारलं, त्याची पॉलिसी खरंच फक्त शेंगेनपुरती निघाली. आता 'जगभर, अमेरिका-कॅनडा वगळून' घेतेय, आई-बाबांची वेगळी. बाबांच्या पूर्वीच्या आजाराची मर्यादा दोन योजनांमध्ये इतकी वेगळी आहे की हप्त्यातला फरक त्यापुढे काहीच नाही. नवऱ्याचं राफ्टिंगचं कलमही घातलं.

दोन शेवटच्या शंका. बाबांच्या गोळ्या पूर्ण सहलीच्या न्यायच्या आहेत, काही अडचण? आणि कोटोरला हॉटेलऐवजी कुणाच्या घरातला फ्लॅट घेतला तर चालेल ना?

फाइलबंद

गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, थोड्या जास्तीच्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं. आपला ब्रँड तिकडच्या औषधवाल्याला कळत नाही. स्टेंटचं कार्ड आणि शेवटचा ईसीजी फोनमध्ये ठेवा, एक छापील प्रत आईंच्या पर्समध्ये. पॉलिसी नंबर आणि मदतीचा फोन चौघांकडेही हवा. तिथे रुग्णवाहिकेचा नंबर १२४, ११२ ही चालतो.

साबुदाणा_पुरे

फ्लॅट चालेल, स्वयंपाकघर मिळतं ते आईंना बरंच. फक्त परदेशी पाहुण्याची चोवीस तासांत नोंदणी करायची असते. हॉटेल आपोआप करतं, घरमालक कधी कधी टाळतात. बुकिंग करतानाच विचारा, पर्यटन कराची पावती मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत जपून ठेवा. आणि कुकर नेऊ नका, तिथल्या शेगड्या बहुतेक विजेच्या असतात आणि तळ सपाट नसेल तर भात होता होता रात्र होते.